अडसर गेला, खाच उरली

भोरहून महाडकडे निघालेला रस्ता नीरा-देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेने वळत वळत वरंधा घाटाकडे चढतो. त्या वाटेवर हिर्डोशी लागतं. हा हिरडस मावळ. भोवतालच्या डोंगरांवर गडच गड आहेत: भोरच्या दक्षिणेला, बाजारवाडीच्या डोक्यावर रोहिडा, पलीकडे केंजळगड आणि रायरेश्वर, वेल्ह्याच्या बाजूला राजगड आणि तोरणा. या गडांवर जाणाऱ्यांची नजर दरवाजाच्या कमानीवर खिळते. रोहिड्याच्या तिसऱ्या दरवाजाशी तर मराठी आणि फारसी शिलालेख आहेत, हत्तींची शिल्पं आहेत, तेव्हा नजर तिथे थांबणं साहजिकच आहे. पण दार या वस्तूचा अभ्यास करायचा असेल तर कमानीखालून आत जाऊन मागे वळावं आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींकडे पाहावं. गडोगडी दरवाजांच्या आतल्या अंगाला भिंतीत समोरासमोर चौकोनी खाचा दिसतात. त्यांपैकी एक बहुधा हातभर किंवा त्याहून जास्त खोल असते. जुनी लाकडी कवाडं बहुतेक ठिकाणी केव्हाच नाहीशी झाली; अलीकडे काही गडांवर नवी बसवली गेली, ती गोष्ट वेगळी. लाकूड कुजलं, लोखंड गंजलं किंवा कोणी काढून नेलं, पण खाच राहिली. या प्रकरणात जे सांगायचं आहे त्याचा पहिला पुरावा ही खाचच आहे: दाराचं बळ दारात नसतं. बाहेरून आलेला धक्का भिंतीपर्यंत नेऊन सोडणं एवढंच दाराचं काम असतं, आणि दाराच्या भागांची नावं ही त्या धक्क्याच्या वाटेवरच्या मुक्कामांची नावं आहेत.

त्या खाचेत जी तुळई बसायची ती अडसर. काही ठिकाणी तिला अडणा म्हणतात, जुन्या भाषेत आगळ. खोल खाचेत ती पूर्ण आत सरकवून ठेवायची. दार लावलं की ओढून समोरच्या उथळ खाचेत तिचं टोक बसवायचं. आज आपण ‘कामात अडसर आला’ म्हणतो तेव्हा ही तुळई कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. चौकट, उंबरठा, खीळ, कवाड या साऱ्यांचं तसंच झालं. वस्तू घरातून गेल्या आणि शब्द वाक्प्रचारांत राहायला गेले. पण मूळ वस्तूचं काम नीट पाहिलं तर तिच्यामागचा विचार किती पक्का होता ते कळतं. बाहेरून ओंडक्याने कवाडावर धडक दिली, तर कवाड अडसरावर दाबलं जातं, अडसराची दोन टोकं दगडावर दाबली जातात, आणि धक्का अख्ख्या तटबंदीच्या वजनात विरून जातो. या वाटेत खिळा नाही, स्क्रू नाही, कुलूप नाही. अडसर तोडायचा तर लाकडाची तुळई मधोमध मोडावी लागते किंवा भिंत फोडावी लागते. उलट मधे कुठेही दोन इंची स्क्रू आला असता, तर सगळा धक्का त्या स्क्रूने पकडून ठेवलेल्या चिमूटभर लाकडावर आला असता.

कवाड फिरतं कशावर, याचंही उत्तर तसंच. मोठ्या जुन्या दारांना आजच्यासारख्या पत्र्याच्या बिजागऱ्या नसत. कवाडाच्या एका कडेचं लाकूड वर आणि खाली गोल खुंटासारखं पुढे काढलेलं असे, आणि ते खुंट दगडात किंवा जाड लाकडात कोरलेल्या वाटीसारख्या खोबणीत फिरत. कवाड आत उघडतं, म्हणून खुंट आतल्या बाजूला. बाहेरच्या माणसाला ते दिसतही नाहीत. आजच्या सदनिकांच्या बाहेर लावलेला लोखंडी जाळीचा सुरक्षा-दरवाजा बहुधा बाहेर उघडतो, म्हणजे त्याच्या बिजागऱ्या जिन्याकडे उघड्या असतात. कुलूप कितीही महागाचं असो, बिजागरीची पिन वरून ठोकून काढता येत असेल तर दार उलट्या बाजूने उघडलं जाऊ शकतं. यावर उपाय साधा आहे: पिनेची दोन्ही टोकं वेल्डिंगने बंद करायची, किंवा बिजागरीच्या बाजूला कवाडाच्या कडेवर दोन-तीन जाड खुंट बसवून दार लागताना ते चौकटीतल्या भोकांत शिरतील असं करायचं. पण हे मागायचं तर बिजागरी, पिन आणि खुंट या तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत हे माहीत असावं लागतं.

चौकट या शब्दातच चार बाजू आहेत. वरची आडवी पट्टी, जिच्यावर गणपती कोरला की ती गणेशपट्टी होते. दोन उभे खांब. आणि खाली उंबरा. आज बहुतेक घरांत केर काढायला, चाकाची खुर्ची न्यायला सोपं जावं म्हणून उंबरा काढून टाकलेला असतो. सोय खरी आहे आणि ती नाकारण्याचं कारण नाही. फक्त तीन बाजूंच्या या वस्तूला चौकट म्हणताना आपण काय गमावलं ते लक्षात असावं. उंबरा दोन्ही खांबांचे पाय एकमेकांना बांधून ठेवतो. तो नसेल तर खांबाच्या तळाशी पहार अडकवून जोर लावल्यावर पाय फाकतो, आणि कवाडाखालची फट पहारीला हवी असलेली जागा आयतीच देते. जुन्या सुताराने आणखी एक गोष्ट केलेली असे. गणेशपट्टी आणि उंबरा ही लाकडं खांबांपेक्षा लांब ठेवून त्यांची टोकं दोन्ही बाजूंना भिंतीत गाडलेली असत, त्यामुळे चौकट भिंतीतून उपटणं म्हणजे भिंतच उकरणं. आता त्या टोकांचं काम होल्डफास्टकडे आलं आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कामांत होल्डफास्ट म्हणजे ४० मिमी रुंद, ५ मिमी जाड आणि ४० सेंमी लांब लोखंडी पट्टी. ती १० मिमीच्या बोल्टने चौकटीला जोडायची आणि भिंतीत ३० × १० × १५ सेंमीच्या काँक्रीटच्या ठोकळ्यात गाडायची. ही मापं पाहिली की एक गोष्ट उघड होते: ज्या भागाला सर्वांत जास्त काळजीने बसवायला सांगितलं आहे, तो भाग घर पूर्ण झाल्यावर कोणालाच दिसत नाही. गिऱ्हाईक दाराची पॉलिश पाहतं. पाहायला हवं ते प्लॅस्टर होण्यापूर्वी.

दाराचा प्रत्येक भाग कुठल्या ना कुठल्या हल्ल्याला उत्तर असतो, आणि पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा हे त्याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण आहे. वाडा १७३० ते १७३२ या काळात उभा राहिला. दिल्ली दरवाजाच्या प्रत्येक कवाडावर नऊ गुणिले आठ अशा रांगांत ७२ अणकुचीदार लोखंडी सुळे आहेत, साधारण फूटभर लांबीचे, आणि ते हत्तीचं कपाळ जिथे टेकेल त्या उंचीवर. सुळे दार मजबूत करत नाहीत. धडक देणाऱ्याला धडक देऊ देत नाहीत. एका कवाडात छोटा दिंडी दरवाजा आहे, ज्यातून एका वेळी एकच माणूस, तोही वाकून, आत येऊ शकतो. आणि आत शिरल्यावर वाट सरळ न जाता वळते. म्हणजे सुळे हत्तीला, दिंडी गर्दीला आणि वळण धावत येणाऱ्याला उत्तर आहे, अडसर ओंडक्याला. एकेका भागासमोर एकेक हल्ला उभा केला की त्या भागाला नाव का पडलं ते समजतं. नावं पाठ करण्यापेक्षा हा सराव जास्त उपयोगाचा.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. अडसर आतून लावायचा असतो. घरात माणूस असेल तरच तो कामाचा. मावळातली कितीतरी घरं वर्षातले बरेच महिने बंद असतात. माणसं पुण्या-मुंबईला कामाला, आणि घर उघडायचं ते गणपतीला, शिमग्याला, गावच्या जत्रेला. बंद घराला बाहेरूनच कुलूप लावावं लागतं, आणि तिथे अडसराचं तत्त्व काय कामाचं? उत्तर दोन भागांत आहे. एक, घराला चार दारं असली तरी बाहेरून लावावं लागतं ते फक्त शेवटचं. उरलेली तीन आतून अडसर घालूनच बंद करता येतात. पण घाईत ती नुसत्या वरच्या बोल्टवर सोडली जातात. दुसरं, बाहेरच्या दारावरही धक्क्याची वाट तीच असते, फक्त ती कडी आणि कोयंडा यांच्यातून जाते. जुना कोयंडा कसा बसवायचे ते पाहण्यासारखं आहे: त्याचे दोन पाय चौकटीच्या लाकडातून आरपार काढून मागच्या बाजूला वळवून ठोकलेले असत. बाहेरून ओढला तर पाय लाकडाच्या पूर्ण जाडीला धरून बसतात. बाजारातला आजचा आल्ड्रॉप, म्हणजे कुलूप अडकवायची सरकती मोठी कडी, तितकीच जाड असते, कधी जास्तच. पण ती आणि तिचा कोयंडा छोट्या स्क्रूंनी पृष्ठभागावर चिकटवलेले असतात. पहारीने उचकटल्यावर कुलूप जसंच्या तसं राहतं आणि कोयंडा स्क्रूंसकट हातात येतो. स्क्रूंऐवजी आरपार बोल्ट, आतल्या बाजूला मोठी वायसर आणि नट, एवढा बदल कुलपाची किंमत दुप्पट करण्यापेक्षा अधिक फळ देतो.

कुलपाच्या इतिहासात माणसांनी अफाट बुद्धी ओतली आहे, आणि तिच्याबद्दल आदरच वाटतो. लंडनच्या १८५१ च्या प्रदर्शनात ए. सी. हॉब्ज या अमेरिकन कुलूपकाराने चब आणि ब्रामा यांची अभेद्य समजली गेलेली कुलपं उघडून दाखवली, आणि त्यानंतर कुलपांची रचना झपाट्याने सुधारली. १८९७ मध्ये अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत कुलपांचा धंदा सुरू केला, आणि दोन-तीन पिढ्यांत ते नाव मराठी घरांच्या दारावर आलं. पण हॉब्जने जे केलं ते शांतपणे, कौशल्याने, बऱ्याच वेळात. साध्या चोरीत कुलपाची अशी परीक्षा क्वचित होते. परीक्षा होते ती कोयंड्याची, चौकटीची आणि खिडकीच्या गजांची.

गजांकडे वळू. जुन्या वाड्यांच्या खिडक्यांत उभे लोखंडी गज असत, आणि ते चौकटीच्या आडव्या लाकडांत आधी भोकं पाडून, चौकट जोडतानाच ओवलेले असत. चौकट मोडल्याशिवाय गज निघत नाही. आज फॅब्रिकेशनच्या दुकानात ग्रील एक तर चौरस फुटावर विकलं जातं किंवा किलोवर. किलोवर विकण्यातून एक समज रुजतो, की वजन जास्त म्हणजे मजबुती जास्त. तो पूर्ण चूक नाही, पण हिशेब मांडला की त्यातली गफलत दिसते. एक मीटर रुंद आणि १.२ मीटर उंच खिडकी घेऊ. त्यात साधारण १०० मिमी अंतरावर ९ गज बसतात. लहान मुलाचं डोकं अडकू नये म्हणून फट याहून कमीच असलेली बरी. गज १० मिमी गोल सळईचे घेतले तर वजन सुमारे ६.७ किलो. तेच १२ मिमीचे घेतले तर सुमारे ९.६ किलो. जवळजवळ ३ किलो लोखंड वाढलं आणि प्रत्येक गजाचा ताठपणा जेमतेम दुप्पट झाला, कारण तो जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. आता जाडी १० मिमीच ठेवून खिडकीच्या मधोमध २५ मिमी रुंद आणि ५ मिमी जाड अशी एकच आडवी पट्टी टाकू, गज तिच्यातून ओवू आणि तिची टोकं चौकटीत पक्की करू. पट्टीचं वजन एक किलोच्या आसपास. गजाची मोकळी लांबी निम्मी झाली, आणि वाक लांबीच्या तिसऱ्या घाताने बदलत असल्यामुळे त्याच जोराखाली तो आठव्या हिश्श्यावर आला. एका किलोने जे झालं ते तीन किलोंनी झालं नव्हतं. त्याच जाडीची चौकोनी सळई गोल सळईपेक्षा सव्वापटीहून किंचित जड, पण सुमारे १.७ पट ताठ असते, हेही त्याच हिशेबातलं. म्हणून ‘किती किलो?’ विचारण्याआधी विचारायचं ते ‘आडव्या पट्ट्या किती, आणि गज त्यांतून ओवलेत की नुसते वरून चिकटवलेत?’ फुलं, वेलबुट्ट्या, वळवलेल्या पट्ट्या यांचंही वजनात मोल लागतं. सौंदर्य म्हणून ती हवीत तर जरूर घ्यावीत, पण नुसत्या ठिपक्यावेल्डिंगने टेकवलेल्या वेलबुट्टीला संरक्षण समजू नये. आणि ग्रील चौकटीला बाहेरून स्क्रूंनी लावलं असेल, तर वरचा सगळा हिशेब वाया. पेचकस घेऊन आलेल्याला गजाची जाडी मोजायची गरजच पडत नाही.

सरकत्या जाळीच्या दरवाजाला आपण चॅनेल गेट म्हणतो, आणि हे नाव अगदी नेमकं आहे. त्यातले उभे दांडे म्हणजे चॅनेल. सरकारी बांधकामात ते २० × १० × २ मिमीचे असतात. त्यांना जोडणाऱ्या तिरप्या पट्ट्या २० × ५ मिमी. वर आणि खाली ४० × ४० × ६ मिमीच्या टी आकाराच्या लोखंडाचे रूळ. आणि ४० मिमीची चाकं. यात चॅनेल नाजूक आणि रूळ दणकट का, तर बंद दारावरचा सगळा जोर शेवटी वरच्या-खालच्या रुळांकडूनच भिंतीत आणि जमिनीत जातो. खालचा रूळ ठेच लागते म्हणून काढून टाकला, की उंबरा काढलेल्या चौकटीची गोष्ट पुन्हा घडते. दुकानाच्या शटरचंही तेच. पट्ट्या एकमेकींत अडकवलेल्या असतात, त्या वरच्या नळीवर गुंडाळल्या जातात, नळीतली स्प्रिंग वजन पेलते. पण शटर टिकतं ते बाजूच्या खाचांवर, ज्यांना कारागीर गाईड म्हणतात, आणि पट्ट्यांच्या टोकांना बसवलेल्या छोट्या लोखंडी तुकड्यांवर. हे तुकडे नसतील तर मधे दाब आल्यावर पट्टी धनुष्यासारखी वाकते आणि तिची टोकं गाईडमधून सुटतात. भारतीय मानकांत शटरसाठी ६२४८ आणि चॅनेल गेटसाठी १०५२१ हे क्रमांक आहेत. ते उच्चारले की कारागिराशी बोलणं एकदम वेगळ्या पातळीवर जातं.

दुसरा मोठा आक्षेप असा की आज बॅटरीवर चालणारा कटर मिळतो. १२ मिमीचा गज तो मिनिटाच्या आत कापतो, मग अडसर आणि होल्डफास्टच्या गप्पा कशाला? हा आक्षेप दाराकडून चुकीची अपेक्षा ठेवतो. कुठलंच दार कायमचं अडवत नाही. युरोपातल्या ईएन १६२७ या मानकात दारं-खिडक्यांचे वर्ग पाडले आहेत, आणि त्यांचं माप चक्क मिनिटांत आहे: दुसऱ्या वर्गाने साध्या हत्यारांपुढे ३ मिनिटं टिकायचं, तिसऱ्याने पहारीपुढे ५, चौथ्याने आणखी जड हत्यारांपुढे १०. दार वेळ विकत देतं. त्या वेळात काय होणार आहे हे दाराच्या बाहेर ठरतं. कटरला मिनिट लागतं, पण त्याचा आवाज आळीभर जातो आणि ठिणग्या रात्री दुरून दिसतात. पहारीने कोयंडा उपटला तर आवाज शेजारच्या घरापर्यंतही जात नाही. म्हणजे शांत मार्ग बंद करून चोराला आवाजाच्या मार्गावर ढकलणं, हेच दाराचं काम. हिर्डोशीसारख्या गावात वस्ती दाट असेल तिथे हा आवाज ऐकणारे कान आहेत. धरणाच्या काठावर एकटं उभं असलेलं सुट्टीचं घर असेल तर कान नाहीत, आणि तिथे कितीही मिनिटं विकत घेतली तरी ती खर्च करायला कोणी नाही. त्या घराला जाड गजापेक्षा रखवालदाराची किंवा जवळच्या वाडीशी राखलेल्या संबंधांची गरज अधिक, असं माझं मत आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि त्याला उत्तर देण्याऐवजी तो मान्यच करायला हवा. चोराला अडवणारं दार आगीत घरच्यांनाही अडवतं. न्यूयॉर्कमध्ये २५ मार्च १९११ रोजी ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली; बाहेर पडायचं एक दार कुलूपबंद होतं, आणि १४६ माणसं गेली, त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत बाहेर पडण्याच्या दारांविषयी स्पष्ट म्हटलं आहे, की ज्या बाजूने माणसं बाहेर पडणार त्या बाजूने दार किल्लीशिवाय उघडता आलं पाहिजे. अडसर या कसोटीला उतरतो: आतून एका ओढीत तो निघतो. आतल्या बाजूनेही किल्ली लागणारं चॅनेल गेट उतरत नाही. आणि बाल्कनी, खिडक्या, जिना अशा सगळ्या बाजूंनी पक्कं वेल्डिंग केलेलं ग्रील असलेलं घर तर आगीच्या वेळी पिंजरा होतं. उपाय आहे: प्रत्येक मजल्यावर निदान एका खिडकीच्या ग्रीलमध्ये माणूस बाहेर पडेल एवढी झडप ठेवायची, तिची बिजागरी आणि कडी आतल्या बाजूला, हात बाहेरून पोचणार नाही अशा ठिकाणी. कुलूप लावायचंच असेल तर किल्ली त्याच खोलीत, घरातल्या लहानग्यालाही माहीत असलेल्या खुंटीवर. ही झडप म्हणजे दिंडी दरवाजाच, फक्त दिशा उलटी.

एक शत्रू मात्र असा आहे ज्याला मिनिटांची घाई नसते. सह्याद्रीच्या या कडेला जून ते सप्टेंबर पाऊस कोसळतो, आणि गज कुठून खचतो ते पाऊसच ठरवतो. मधला भाग वारा लागून वाळतो. गजाचा पाय, म्हणजे तो जिथे पट्टीत किंवा भिंतीत शिरतो ती जागा, पाणी धरून बसते. गंजाचा आकार मूळ लोखंडापेक्षा मोठा असतो, त्यामुळे भिंतीतलं लोखंड गंजलं की ते भोवतीचं प्लॅस्टर आतून फोडतं, त्या भेगेतून आणखी पाणी जातं, आणि ज्या होल्डफास्टवर सगळा भरवसा होता तोच पोकळ होतो. वरून चकचकीत रंग असताना पाय पापुद्र्यासारखा झालेला असू शकतो. म्हणून रंग देताना आधी तारेच्या ब्रशने पाय मोकळा करायचा, मग गंजरोधक थर, मग रंग. आणि भिंतीशी फट असेल तर ती बुजवायची. पाऊस संपला, नवरात्राची साफसफाई सुरू झाली, की एक लहान हातोडी घेऊन प्रत्येक गजाच्या पायाशी हलकेच ठोकून पाहावं. शाबूत लोखंड खणखणतं. खाल्लेलं लोखंड बद्द बोलतं. त्याच दिवशी सुटकेच्या झडपेच्या बिजागरीत तेलाचे चार थेंब सोडून ती एकदा पूर्ण उघडावी, कारण चार महिने ओल पिऊन बसलेली बिजागरी एकट्या माणसाच्या हाताला दाद देत नाही.